अर्धवट राहिलेलं दुरंगी दुपटं: उसवण्याआधी सुईवरचे रंग बघा

तुम्ही विचारलंय की, दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या बाळंतविड्यासाठी निळ्या-पांढऱ्या लोकरीचं स्लिप स्टिचचं दुपटं विणायला घेतलं होतं, वीतभर विणून ते राहिलं. आता ती पुन्हा बाळंत होणार आहे, पण आपण नक्षीच्या कुठल्या ओळीवर थांबलो होतो ते आठवत नाही. सगळं उसवून पुन्हा टाके घालू का?

उसवू नका. निदान मी सांगते तेवढं बघितल्याशिवाय तरी नको. तुमची वीण अशी आहे की तुम्हाला आठवलं नाही तरी ती स्वतः सांगते.

ही वीण चालते कशी ते आधी डोळ्यांसमोर आणा. एका वेळी हातात एकच रंग. निळ्याने जाताना निळे टाके विणायचे आणि पांढरे न विणता नुसते उचलून घ्यायचे. परत येताना तेच निळे पुन्हा विणायचे, तेच पांढरे पुन्हा उचलायचे. मग निळा सोडून पांढरा घ्यायचा आणि तसंच जाऊन यायचं. म्हणजे प्रत्येक रंगाच्या दोन-दोन ओळी आणि नक्षीच्या आलेखातली एक ओळ म्हणजे विणकामातल्या दोन. अमेरिकेतल्या बार्बरा वॉकर यांनी या प्रकाराला मोझेक हे नाव दिलं. फेअर आयल या दुसऱ्या दुरंगी विणीत एकाच ओळीत दोन्ही धागे खेळवावे लागतात आणि मागे धाग्यांच्या लोंब्या राहतात. इथे तसं काही नाही, म्हणून नव्या माणसाला दुरंगी काम शिकवताना मी आधी हेच देते.

आता दुपटं सुलट बाजू वर करून मांडीवर पसरा आणि दोन्ही धागे कुठे आहेत ते बघा. दोन्ही उजव्या कडेला असतील तर तुम्ही जाऊन-येऊन जोडी पुरी करून थांबलाय. एक धागा डाव्या कडेला असेल तर परतीची ओळ राहिलीय, आणि ती करायला आलेख लागत नाही: सुईवर त्या धाग्याच्या रंगाचे टाके दिसतील ते विणा, दुसऱ्या रंगाचे उचला. शेवटी कुठला रंग विणला हे उजव्या कडेचा पहिला टाका सांगतो, कारण कडेचा टाका नेहमी हातातल्याच रंगाने विणलेला असतो. शिवाय उचललेले टाके खालून ताणून वर आलेले असतात, ते विणलेल्या टाक्यांपेक्षा लांबट दिसतात.

राहिली आलेखातली ओळ. जोडी पुरी झालेली असली की सुईवरच्या टाक्यांचे रंग आलेखातल्या त्या ओळीशी हुबेहूब जुळतात. उजवीकडून डावीकडे वाचा: निळा, निळा, निळा, पांढरा, निळा... आणि आलेखात तोच क्रम शोधा. मी सुईचा जवळून फोटो काढते आणि आलेखाशेजारी ठेवते, डोळ्यांना सोपं जातं. काही नक्ष्यांत दोन ओळी सारख्याच असतात. तेव्हा खालची ओळही जुळते का ते बघा, तरीही शंका राहिली तर सुरुवातीपासून धाऱ्या, म्हणजे विणीतले आडवे उंचवटे, मोजा. दुपटं दोन्ही बाजूंनी सुलट विणलेलं असेल तर एक धारी म्हणजे आलेखातली एक ओळ.

जागा सापडली म्हणून लगेच विणायला बसू नका. इथे मी चुकले होते. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात शाहूपुरीत आमच्या घरात शिरलं. भाचीच्या बाळासाठी घेतलेला स्वेटर सुयांसकट माळ्यावर टाकून आम्ही बाहेर पडलो. पाणी ओसरल्यावर चिखल काढणं, भांडी धुणं, भिजलेल्या गाद्या टाकून देणं, यातच महिने गेले. स्वेटर हातात आला तो दोन वर्षांनी. आनंदाच्या भरात त्याच संध्याकाळी पुढे विणायला घेतला. दहा-बारा ओळींनंतर लांब धरून बघितला, तर बरोब्बर सुई होती तिथे एक आडवी रेघ. टाके इतके दिवस सुईवर ताणलेले, म्हणून तिथे विणीला फट पडलेली. आणि रेघेच्या वरचं विणकाम खालच्यापेक्षा घट्ट, कारण माझा हात बदलला होता.

म्हणून आधी उरलेल्या लोकरीतून पंचवीस-तीस टाक्यांचा तुकडा त्याच नक्षीत विणा. साध्या विणीचा तुकडा इथे उपयोगाचा नाही. उचललेले टाके कापड उभ्या अंगाने आखडतात, तेवढ्याच लांबीत जास्त ओळी मावतात. दोन-तीन संध्याकाळी हात बसू द्या, तुकडा दुपट्यावर ठेवून टाके आणि ओळी मोजा. घट्ट येत असेल तर एक माप जाड सुई घ्या. उचललेला टाका ओलांडताना उजव्या सुईवरचे टाके जरा पसरून घेतले की मागचा धागा आवळला जात नाही.

सुया कुठल्या होत्या हेही आठवत नसेल तर नंबराबाबत एक काळजी घ्या. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात, आकडा वाढला की सुई बारीक. आपली 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची, 10 नंबरची सव्वातीनची. नक्षी इंटरनेटवरून अमेरिकन घेतली असेल तर त्यांची 8 नंबरची 5 मिलिमीटरची असते. मिलिमीटर बघूनच सुई घ्या.

हात बसला की सुईलगतच्या दोन जोड्या, म्हणजे चार ओळी, उलगडा आणि नव्याने विणा. ती रेघ त्यानेच जाते. सुई ओढून काढू नका. आधी तीन जोड्या खाली, पुऱ्या झालेल्या जोडीच्या ओळीतून, मोठ्या सुईने सुती दोरा ओवा, प्रत्येक टाक्यातून, लांबट उचललेल्या टाक्यांतूनसुद्धा. मग उलगडताना काही सुटलं तरी दोऱ्याच्या खाली जाणार नाही.

पुन्हा विणताना दोन गोष्टी पक्क्या धरा. टाका उचलताना सुई उलट टाका विणताना घालतो तशी घाला, नाहीतर टाक्याला पीळ पडतो. आणि धागा कायम कापडाच्या उलट बाजूला: जाताना मागे, परतताना आपल्याकडे. खूप दिवसांनी बसलं की परतीच्या ओळीत हेच विसरतं, आणि सुलट बाजूला आडवे दोरे दिसायला लागतात.

लोकर कमी पडेल असं वाटत असेल तर जुनं लेबल घेऊन महाद्वार रोडला जा. रंगाचा नंबर तोच मिळेल, लॉट नंबर (एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा) बहुधा मिळणार नाही, आणि लॉट बदलला की छटा किंचित बदलते. साध्या विणीत हा फरक पट्ट्यासारखा दिसतो. तुमच्या विणीत रंग दर दोन ओळींनी बदलतोच, त्यामुळे तो बराच लपतो. तरी जुनी लोकर संपायच्या आधीच नवी सुरू करा: निळ्याची एक जोडी जुन्या गुंड्याची, पुढची नव्याची. लॉटची सीमा कुठे आहे ते कुणाला सापडणार नाही.

बाळासाठी दुकानात मिळते ती लोकर बहुतेक ॲक्रिलिकच असते. पट्टणकोडोलीकडच्या घोंगडीची लोकर थंडी-पावसाला दणकट, मला फार आवडते, पण बाळाच्या अंगाला खरखरीत लागते. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री कधीही फिरवू नका, वीण चपटी होते ती पुन्हा उठत नाही. वेडंवाकडं झालं तर इस्त्रीने सरळ करू, असा विचार करून पुढे जाऊ नका. गडद निळा पांढऱ्यावर उतरतो का, तेही त्या तुकड्यावरच धुऊन बघा.

माझ्या त्या स्वेटरचं पुढे काय झालं ते सांगते, कारण उसवणं नेहमीच चुकीचं असं मला म्हणायचं नाही. रेघ दुरुस्त करायच्या आधी बाळाच्या अंगाला लावून बघितला, तर छातीत चार बोटं कमी. बाळ दोन वर्षांचं झालं होतं. पुरी झालेली पाठही उसवली, आणि उसवताना मला रडू आलं. पिळलेली लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगली. मग त्याच लोकरीची टोपी आणि मोजे केले, त्या थंडीत ते अंगावर गेले. स्वेटरला अंगाचं माप असतं. दुपट्याला नसतं, ते या बाळाला तितकंच होईल, म्हणून तुम्हाला नको म्हणतेय.

इतकं करूनही ओळ सापडली नाही तर दुपट्याच्या दोन्ही बाजूंचे आणि आलेखाचा असे तीन फोटो टाका. सुलट बाजूच्या फोटोत उजवी कड आणि सुईवरचे सगळे टाके आले पाहिजेत, म्हणजे मला मोजता येईल.