कोकणातल्या एकोणिसाव्या शतकातल्या पूर्वजाचा आणि मूळ आडनावाचा शोध कसा घ्यावा?

आधी आडनाव बाजूला ठेवा. जुन्या कागदांत बरेचदा 'गोविंद बिन रामा', म्हणजे रामाचा मुलगा गोविंद, एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून नाव, बापाचं नाव, गाव आणि वाडी या चार गोष्टी धरून शोधा.

सुरुवात तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून करा. तिथे गाव नमुना १४ (कोतवाल बुक, जन्ममृत्यूच्या नोंदी), जुने फेरफार (जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या नोंदी) आणि हक्कनोंदी मागा. लिपी मोडी असते, त्यामुळे नक्कल घेऊन जाणकाराकडून वाचून घ्या. साल शके असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा. सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणून दोन्हीकडे विचारा. सावंतवाडी किंवा मुरूड-श्रीवर्धनकडचं घराणं असेल तर संस्थानी दप्तराचीही चौकशी हवी.

सर्वांत मोठा घोटाळा नावांचा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे दोन गोविंद एकच समजले जातात आणि वंशावळीतल्या दोन पिढ्या गळतात. पिढीला साधारण २५ ते ३० वर्षं धरून ताळा करा.

त्र्यंबकेश्वर, गोकर्णच्या तीर्थोपाध्यायांच्या (तिथल्या पुरोहितांच्या) वह्या जरूर पाहा. यात्रेकरू भाऊ-पुतण्यांची नावं एकत्र सांगत, त्यामुळे भावकी इथेच उलगडते.

'-कर' आडनाव बहुधा सोडून आलेल्या गावाचं असतं. मुंबईला गेल्यावर लागलेलंही असू शकतं. त्यामुळे मूळ गावाचा माग काढायला कुलदैवत कोणत्या गावी आहे ते नक्की विचारा.