धर्मात येणं आणि धर्मातून जाणं

प्रश्न : यहुदी आणि पारशी कुणाचं धर्मांतर करत नाहीत. मग हे धर्म मुळातच अहिंसक, असं म्हणायचं का?

इतकं सरळ नाही. यहुदी धर्मात बाहेरच्याला येता येतं, पण तो धर्म कुणाला बोलवायला जात नाही. उलट परंपरा अशी, की इच्छुकाला रब्बीनं, म्हणजे यहुदी धर्मगुरूनं, तीनदा परत पाठवावं. तरी तो आला तर शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), कोशेर म्हणजे धर्माला चालणारा आहार, सणवार यांचा अभ्यास. पुरुषाची सुंता, आधीच झालेली असेल तर त्या जागी रक्ताचा एक थेंब काढतात. शेवटी तिघांच्या धर्मपीठासमोर होकार आणि मिक्वे या धार्मिक स्नानाच्या कुंडात पूर्ण बुडी. मिक्वेत निदान ४० सेआ, म्हणजे ढोबळमानानं साडेसातशे लिटर, पावसाचं किंवा झऱ्याचं पाणी लागतं. नुसतं नळाचं भरून चालत नाही. अंगठी, नेलपॉलिशसुद्धा काढायचं, कारण पाणी आणि कातडी यांच्यामध्ये काही येता कामा नये. केस पाण्यावर राहिले तर बुडी पुन्हा. अडतं ते पुढे: एका पंथाच्या रब्बीनं दिलेला प्रवेश दुसरा पंथ लग्नाच्या वेळी मानत नाही. आपल्या कोकणातले बेने इस्रायल तर जन्मानंच यहुदी, तरी इस्रायलमध्ये त्यांच्या लग्नांच्या वेळी वंशावळ तपासली जाऊ लागली. त्यांनी आंदोलन केलं, तेव्हा कुठे १९६४ साली ते सर्वार्थानं यहुदी असल्याचं मान्य झालं.

पण याच यहुद्यांचं राज्य होतं तेव्हा काय झालं? इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हिर्कानस या यहुदी राज्यकर्त्यानं इदूम प्रदेश जिंकला आणि तिथल्या लोकांना सांगितलं, सुंता करा नाहीतर देश सोडा. पारशांचंही तसंच. आज लग्न करून आलेल्या परधर्मीय सुनेलाही अग्यारीत प्रवेश नाही; पारशी बापाच्या मुलांना मात्र नवजोत (धर्मात घेण्याचा विधी) करून घेता येते, असं मुंबई उच्च न्यायालयानं १९०८ सालीच सांगितलं. पण तिसऱ्या शतकात, इराणात सासानी राज्य असताना, कार्तीर नावाच्या जरथुश्त्री, म्हणजे पारशांच्याच धर्माच्या, धर्मगुरूनं यहुदी, बौद्ध, ब्राह्मण आणि ख्रिस्ती यांना कसं मोडून काढलं ते शिलालेखात अभिमानानं कोरून ठेवलं आहे. धर्म तोच आहे, हातातली सत्ता गेली.

प्रश्न : ‘धर्मात सक्ती नाही’ असं कुराण म्हणतं. मग धर्म सोडणाऱ्याला देहदंड कुठून आला?

प्रश्न नेमका आहे. ते वचन (२:२५६) आत येण्याबद्दल आहे, असाच अर्थ जुन्या शास्त्रकारांनी लावला. बाहेर जाणाऱ्याला इहलोकात ठार करा, असं कुराणात नाही. तो आधार हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या नोंदवलेल्या वचनांचा. त्यावरून चारही सुन्नी मझहबांनी (धर्मकायद्याच्या परंपरांनी) सज्ञान, शुद्धीवरच्या पुरुषाला देहदंड सांगितला. बहुतेकांनी त्याआधी तौबा (पश्चात्ताप) करायला तीन दिवसांची मुदत ठेवली. या चारांपैकी हनफींनी स्त्रीला मृत्यूऐवजी कैद सांगितली, कारण ती शस्त्र घेऊन उलटत नाही. यातच खरं कारण दिसतं: धर्म सोडणं म्हणजे फितुरी, असं त्या काळी धरलेलं होतं. आजचे अनेक मुस्लिम अभ्यासक हाच धागा पकडून म्हणतात, की फितुरी नसेल तर शिक्षाही नाही. सुदाननं २०२० साली हा देहदंड रद्द केला.

हे फक्त इस्लामचं आहे, असं मात्र समजू नका. स्पेनमध्ये राजानं यहुद्यांना जबरदस्तीनं बाप्तिस्मा दिला होता. ६३३ साली तोलेदोच्या धर्मसभेनं ठरवलं, की यापुढे सक्ती नको. पण ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे त्यांनी ख्रिस्तीच राहायचं. बाप्तिस्मा पुसला जात नाही, हा सिद्धान्त. म्हणजे सक्ती चूक, पण तिचं फळ कायम! पुढे इन्क्विझिशनला, म्हणजे धर्मद्रोह शोधणाऱ्या चर्चच्या न्यायपीठाला, हाच पाया मिळाला. गोव्यात ती १५६० ते १८१२ चालली, मध्ये १७७४ ते १७७८ बंद होती. तिचा मुख्य रोख बाप्तिस्मा झालेल्यांवर होता: हा अजून गुपचूप जुनं पाळतो का? १७३६च्या फर्मानात दारची तुळस तर आलीच, पण हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवण्यालाही बंदी आली. चुलीवरच्या भातावरून श्रद्धा तपासायची, ही गोष्ट वाचताना आजही अंगावर काटा येतो. कॅथलिक चर्चनं धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क म्हणून अधिकृतपणे मान्य केलं ते १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत.

प्रश्न : बौद्ध धम्मात असं काहीच नाही ना?

नियमांत नाही. तीन सरणं (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं) आणि पंचशील, एवढ्यावर उपासक होता येतं. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी महास्थवीर चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना हीच दीक्षा दिली. २२ प्रतिज्ञा बाबासाहेबांनी स्वतः तयार करून अनुयायांना दिल्या. बाहेर जाणाऱ्याला शिक्षा नाही. भिक्षूलासुद्धा, समजणाऱ्या एका माणसासमोर ‘मी शिक्षा (भिक्षूचे नियम) सोडतो’ असं स्पष्ट म्हटलं की चीवर उतरवता येतं.

तरीही बौद्धबहुल म्यानमारमध्ये २०१७ साली लष्कराच्या अत्याचारांमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुस्लिम बांगलादेशात पळाले. त्याच्या दोन वर्षं आधी तिथे धर्मांतराचा कायदा झाला होता: धर्म बदलायचा तर स्थानिक मंडळाकडे अर्ज, मग मुलाखत, मग थांबायची मुदत आणि शेवटी दाखला. हा कायदा व्हावा म्हणून रेटा लावणाऱ्यांत भिक्षूच पुढे होते.