मोबाइल टॉवरला चॅनलची, म्हणजे टॉवर ते फोन सिग्नलच्या वाटेची, माहिती उशिरा भेटली तं ती बिनकामाची का?

नाही ना भाऊ, काहून बिनकामाची? चालत्या गाडीत ती शिळी होते हे खरं आहे. 2 गिगाहर्ट्झला वेव्हलेंग्थ (लाटेची लांबी) 15 सेंटिमीटर, दारव्हा रोडवर एसटी 60 च्या स्पीडने धावून राहिली तं अर्धी वेव्हलेंग्थ साडेचार मिलिसेकंदातच पार होते अन् चॅनल बदलून जाते, मग जुन्या माहितीवर बीम (एका फोनकडे रोखलेला सिग्नल) वळवला की दुसऱ्याच्या फोनवर इंटरफेरन्स (नको असलेल्या सिग्नलचा अडथळा) पडतोच. पायी चालणाऱ्याले एवढा त्रास नाही.

पण 2010 मध्ये मद्दाह-अली अन् डेव्हिड त्से या संशोधकांनी लय भारी युक्ती दाखवली. टॉवरला दोन अँटेना, फोन दोन, अ अन् ब. पहिल्या वेळी अ चे दोन सिम्बॉल (डेटाचे तुकडे) सोडा, अ ला त्यांचं एक मिश्रण भेटते, ब ला दुसरंच, जे ब च्या कामाचं नाही पण अ ला पाहिजे. दुसऱ्या वेळी उलटं. आता उशिरा आलेल्या माहितीवरून टॉवरला कळते कोणाच्या पदरात काय पडलं, तं तिसऱ्या वेळी त्या दोन्ही फालतू मिश्रणांची बेरीज पाठवायची, आपलं ऐकलेलं वजा केलं की दोघांचंही जमते. 3 वेळांत 4 सिम्बॉल, म्हणजे वेळेमागे 4/3. ताजी माहिती असती तं 2, काहीच नसती तं 1.

हा हिशोब तगड्या सिग्नलचा आहे बापा, अन् फोनला दुसऱ्याचं चॅनलही माहीत लागते. वावरात एकच काडी रेंज असली तं इंटरफेरन्सच्या आधी नॉइजच (आपोआपची खरखर) मारते.