“मला दूधच येत नाही”: बाळंतिणीची दुसऱ्या दिवशीची शंका

प्रसूतीनंतरच्या वॉर्डात समुपदेशक म्हणून काम करताना मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच आहे: “मला दूधच येत नाही, बाळ उपाशी राहत असेल का?” तो बहुधा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, भेटायला आलेली माणसे परतल्यावर येतो, कारण तोवर प्रत्येक पाहुण्याने “दूध उतरलं का?” अशी चौकशी करून झालेली असते.

ओळख कळू नये म्हणून जिला मी इथे मीनल म्हणते, ती पहिलटकरीण होती आणि तिचे सिझर झाले होते. सासूबाईंनी तिची छाती दाबून पाहिली होती आणि काहीच येत नाही असा निर्वाळा दिला होता. कपाटावर पावडरच्या दुधाचा डबा तयार होता. तो चुलतसासूबाईंनी मायेने आणलेला. शिशुदुग्धपर्यायांची जाहिरात आणि मोफत नमुने यांना आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे, २००३मध्ये तो अधिक कडकही झाला. पण नातेवाइकांच्या मायेला कोणता कायदा आवरणार?

मी काही सांगण्याआधी तिला नेहमीप्रमाणे बाळाला पाजायला सांगितले. टाके ओढतील या भीतीने ती पाठ वाकवून बाळावर झुकली होती, बाळ उताणे होते आणि त्याची फक्त मान वळलेली होती. त्याच्या तोंडात केवळ स्तनाग्र होते. चोखताना गालाला खळ्या पडत होत्या, चुटचुट आवाज येत होता आणि सुटलेले स्तनाग्र तिरके, चपटे दिसत होते. म्हणजे अडचण दुधाची नव्हती, धरण्याची होती. तिच्या कुशीला उशी लावून बाळ काखेखाली, पोटावर भार येणार नाही असे घेतले, त्याचे नाक स्तनाग्राच्या समोर आणले आणि तोंड जांभईइतके उघडेपर्यंत थांबलो. या वेळी हनुवटी स्तनाला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, आणि थोड्या वेळाने चोखण्याची लय संथ होऊन गिळल्याचा आवाज आला. मीनलने तो ऐकला, आणि माझ्या कुठल्याही बोलण्यापेक्षा तिला त्यानेच अधिक धीर आला.

सासूबाईंशी बोलणे मात्र बाकी होते, आणि खरे समुपदेशन तिथेच असते असे माझे मत आहे. हाताने पिळून चमच्यात आलेले पिवळट, चिकट थेंब मी त्यांना दाखवले. “आजी, हा चीक. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर चीकही पुरतो. भरपूर दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, सिझरनंतर थोडं उशिरासुद्धा.” वरच्या दुधाने बाळ बराच वेळ झोपते, एक-दोन वेळा छातीला लागत नाही आणि स्तन रिकामे न झाल्याने दूध कमी बनते, हे सांगितल्यावर त्यांनी विचारले, “मग अळिवाचे लाडू द्यायचे की नाही?” जरूर द्या, म्हटले, आईला पोषण हवेच, पण दूध वाढवते ते वारंवार पाजणेच, विशेषतः रात्रीचे. वेदना आणि धास्तीने पान्हा अडतो, म्हणून वेदनाशामक औषध वेळेवर घ्यावे आणि छाती दाबून पाहणे बंद करावे, हेही त्यांनी मान्य केले.

पोट भरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. पहिल्या दिवशी किमान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा आणि सहाव्या दिवसापर्यंत सहा किंवा अधिक वेळा लघवी व्हावी. काळी शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हावी. सुरुवातीला वजन थोडे घटतेच. मात्र ही घट जन्मवजनाच्या १० टक्क्यांपर्यंत पोहोचली, बाळ सुस्त झाले, पाजायला उठेनासे झाले किंवा कावीळ वाढली, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे. त्यांनी वरचे दूध सांगितले तर ते देण्यात कमीपणा नाही; शक्यतो आईचेच पिळलेले दूध आधी, आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे.

चौथ्या दिवशी मीनलची छाती दाटून आली. सासूबाईंनी डबा न उघडताच परत पाठवला. दीड महिन्याच्या लसीकरणाला आली तेव्हा मीनलचा प्रश्न बदललेला होता: बाळ संध्याकाळी अर्ध्या-अर्ध्या तासाने मागते, हे चालेल का? या वयात संध्याकाळी तसे होणे सामान्य आहे, असे मी सांगणार तोच तिने स्वतःच लंगोटांचा हिशेब मांडला.