नाव लागलं, पण गुण किती? डेड पूलविषयी वाचकांचे प्रश्न

वर्ष उजाडण्याआधी नामवंतांची यादी बंद करायची आणि त्या वर्षात त्यांतलं कोण जातं त्यावर गुण मोजायचे, हा डेड पूल. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांनी याविषयी बरंच विचारलं आहे. त्यांतल्या काही प्रश्नांची उत्तरं या अंकात देत आहोत.

आम्ही आठ जण जानेवारीपासून खेळणार आहोत. प्रत्येकाने किती नावं द्यावीत? (एक वाचक, म्हापसा)

वीस. दहा नावांत अभ्यासापेक्षा नशीबच जास्त चालतं. नव्वद वर्षांचं माणूस त्या वर्षात जाण्याची शक्यता ढोबळमानाने १५ टक्के धरा, म्हणजे ते वर्ष पार करण्याची शक्यता ८५ टक्के. अशी दहा नावं घेतली तर दहाही जण वर्ष पार करण्याची शक्यता येते जवळजवळ २० टक्के. म्हणजे पाचांतली एक यादी डिसेंबरअखेर कोरीच राहणार. वीस नावं घेतली की हीच शक्यता ४ टक्क्यांवर उतरते. पन्नास नावं मात्र नकोत. एवढी नावं कुणी तपासत बसत नाही आणि यादी निव्वळ भरताड होते.

विसाच्या खाली दोन राखीव नावं क्रमाने लिहून ठेवा. यादी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गोळा होते आणि वर्षाचे शेवटचे दिवस दगा देतात. २०२२ मध्ये पेले २९ डिसेंबरला गेले, पोप बेनेडिक्ट सोळावे ३१ डिसेंबरला. २०२४ मध्ये श्याम बेनेगल २३ तारखेला, मनमोहन सिंग २६ ला आणि जिमी कार्टर २९ ला. राखीव नावं नसतील तर असा खेळाडू अठरा-एकोणीस नावांवर वर्ष काढतो आणि वर्षभर कुरकुरतो.

यादी व्हॉट्सॲपवर घेऊ नका. तिथे पाठवलेला मजकूर १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि नंतर पुसताही येतो. कागदावर लिहून सही केलेली यादी पाकिटात बंद करा. सगळी पाकिटं स्वतः न खेळणाऱ्या एकाच माणसाकडे ठेवा आणि १ जानेवारीला सगळ्यांसमोर फोडा.

आमच्या गटात १०० वजा वय अशी गुणपद्धत आहे. मी सगळी पंच्याण्णवच्या पुढची नावं घेतली, पाच लागली, तरी तिसरा आलो. असं का? (एक वाचक, फोंडा)

तुम्ही शक्यता पाहिली, पण तिला गुणांनी गुणलं नाही. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याचे आयुर्मानाचे तक्ते सगळ्यांना पाहायला मिळतात. त्यांत पुरुषाची एका वर्षात मृत्यू येण्याची शक्यता सत्तराव्या वर्षी सुमारे २.३ टक्के, ऐंशीला ६, पंच्याऐंशीला १०, नव्वदीला १६, पंच्याण्णवला २६ आणि शंभरीला ३६ टक्क्यांच्या आसपास दिसते. आता प्रत्येक वयाचे गुण त्या शक्यतेने गुणा. सत्तरीच्या माणसाचे ३० गुण, हाती येतात ०.७. ऐंशीचे २० गुण, हाती १.२. पंच्याऐंशीचे १५, हाती १.५. नव्वदीचे १०, हाती १.६. पंच्याण्णवचे ५ गुण, हाती १.३. शंभरीला काहीच नाही. म्हणजे या पद्धतीत साधारण ८६ ते ९२ हा पट्टा सर्वांत कसदार. तुमची पाच नावं लागली तरी प्रत्येकाचे चार-पाच गुणच पडले. दुसऱ्याची अठ्ठ्याऐंशीच्या आसपासची तीन लागली की तो पुढे जातो.

बायकांची शक्यता त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा कमी असते. नव्वदीला ती सुमारे १३ टक्के. बाकी सगळं सारखं असेल तर पुरुषाचं नाव आधी घ्या. आणखी एक वजावट करायची असते. हे तक्ते सगळ्या लोकसंख्येचे आहेत. नामवंतांकडे पैसा असतो, चांगले डॉक्टर असतात, घरी माणसं असतात. कर्क डग्लस १०३ वर्षं जगले, ऑलिव्हिया डी हॅविलंड १०४. तक्त्यातला आकडा थोडा खाली ओढूनच धरा.

तक्त्यांचं हे शास्त्र जुनं आहे. एडमंड हॅली यांनी १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या मृत्युनोंदींवरून असा तक्ता मांडला. बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये दाखवलं की प्रौढ वयात मृत्यूची शक्यता ठरावीक पटीने वाढत जाते. आजच्या आकड्यांत ती साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होते. एवढा नियम लक्षात असला तर तक्ता जवळ नसतानाही अंदाज बांधता येतो.

काही गट प्रत्येक लागलेल्या नावाला ५ आधारगुण देतात. आमचं मत त्याच्या विरोधात आहे. आधारगुण आले की सगळ्यात कसदार वय पंच्याण्णवकडे सरकतं आणि सगळ्यांच्या याद्या सारख्याच दिसू लागतात. त्यापेक्षा शंभरीपुढच्यांना किमान १ गुण द्या, आणि एकाच यादीत असलेलं नाव लागलं तर ५ गुण जास्त. वाचन कुणाचं खोल आहे ते तिथे दिसतं.

एखादी मोठी व्यक्ती अत्यवस्थ असल्याची बातमी आली की तिचं नाव घ्यावं का? (एक वाचक, मडगाव)

आजाराचं नाव बरोबर असेल तर घ्यावं. नुसत्या मथळ्यावर घेऊ नये. जिमी कार्टर यांनी हॉस्पिस सेवा, म्हणजे अखेरच्या दिवसांतली शुश्रूषा, स्वीकारल्याचं १८ फेब्रुवारी २०२३ ला जाहीर झालं. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यातून हॉस्पिस सेवा मिळायला आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरल्याचा दाखला डॉक्टरांना द्यावा लागतो. त्यावर विसंबून २०२४ च्या यादीत त्यांचं नाव घालणं अगदी स्वाभाविक होतं. कार्टर २२ महिने जगले. १ ऑक्टोबर २०२४ ला त्यांनी शंभरी गाठली आणि २९ डिसेंबरला ते गेले. १०० वजा वय या हिशेबाने नाव लागूनही शून्य गुण! किमान १ गुणाचा नियम लिहून ठेवा म्हणतो तो याचसाठी.

आजारा-आजारात फरक आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग शरीरात पसरल्यावर सापडला तर बहुतेकदा वर्षाच्या आतच गोष्ट संपते. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात उपचार घेऊनही निम्मे रुग्ण साधारण सव्वा वर्षात जातात. साठीच्या माणसाला असा आजार असेल तर ४० गुण, आणि शक्यता निम्मी धरली तरी हाती येतात २०. नव्वदीच्या नावाच्या बारापटीहून जास्त. यादीची हार-जीत अशा दोन-तीन नावांवर ठरते. उलट प्रोस्टेटचा कर्करोग, पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश ही नावं ऐकून घाई करू नका. यांत माणूस दहा-दहा वर्षं काढतो. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये एएलएस या स्नायू निकामी करत नेणाऱ्या आजाराचं निदान झालं आणि ते १४ मार्च २०१८ पर्यंत जगले.

हे सगळं त्या व्यक्तीने किंवा घरच्यांनी स्वतः जाहीर केलेल्या माहितीवरच करा. इस्पितळात ओळखीचं कुणी आहे म्हणून चौकशी करणं, फुटलेले तपासणी अहवाल वाचणं, घरी फोन लावणं, यांतलं काहीही केलं तर यादी बाद. नियमावलीत हे कलम सगळ्यात वर हवं.

मृत्यूची तारीख कुठली धरायची? (एक वाचक, वास्को)

मृत्यू जिथे झाला तिथली स्थानिक तारीख. बेटी व्हाइट ३१ डिसेंबर २०२१ ला लॉस एंजेलिसमध्ये गेल्या, शंभरीला १७ दिवस कमी असताना. डिसेंबरात गोवा तिथल्यापेक्षा साडेतेरा तास पुढे असतो. बातमी इथे सगळीकडे पोचेपर्यंत नवं वर्ष लागलं. तरी नाव २०२१ चंच आणि गुण एक.

बातमी उशिरा जाहीर होणं हीही नेहमीची गोष्ट. ख्रिस्तोफर ली ७ जून २०१५ ला गेले आणि जगाला ११ जूनला कळलं. म्हणून निकाल १ जानेवारीला लावू नका, ३१ जानेवारीपर्यंत थांबा. जीन हॅकमन यांचा मृतदेह २६ फेब्रुवारी २०२५ ला सापडला. पेसमेकरच्या नोंदीवरून मृत्यू आठवडाभर आधीचा ठरला. अशा वेळी सरकारी तपासात ठरलेली तारीख मानायची, आणि तारीख ठरलीच नाही तर मृतदेह सापडला तो दिवस.

वयावरून भांडण झालं. विकिपीडियावर एक साल, जुन्या मासिकात दुसरं. (एक वाचक, साखळी)

पाकिटं फोडली त्या दिवशी विकिपीडियावर जी जन्मतारीख होती तीच वर्षभर चालणार, असं आधीच लिहून ठेवा. आपल्याकडच्या जुन्या कलावंतांच्या तारखांवर फार भिस्त ठेवू नका. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून टाकलेली माणसं या पिढीत पुष्कळ आहेत. वय पूर्ण झालेल्या वर्षांत मोजा. धर्मेंद्र २४ नोव्हेंबर २०२५ ला गेले. ८ डिसेंबरला ते नव्वद वर्षांचे झाले असते. वय ८९, गुण ११.

अफवेवर गुण दिले आणि माणूस जिवंत निघाला. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं? (एक वाचक, डिचोली)

एक दिवस थांबा. मोठमोठ्यांच्या बाबतीत चूक झाली आहे. मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण गेल्याचं खुद्द पंतप्रधान मोरारजी देसाईंनी सांगितलं आणि संसदेत श्रद्धांजलीही वाहिली गेली. जयप्रकाश तेव्हा हयात होते. त्यांचं निधन झालं ८ ऑक्टोबरला. धर्मेंद्र यांच्याबद्दलही ११ नोव्हेंबर २०२५ ला खोटी बातमी फिरली आणि घरच्यांना ती खोडावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पूनम पांडे यांच्या निधनाची बातमी त्यांच्याच खात्यावरून आली आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतः समोर आल्या. म्हणजे अधिकृत खातंही एकटं पुरत नाही.

नियम असा ठेवा: घरच्यांचं, इस्पितळाचं किंवा सरकारचं निवेदन, आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहिलेले किमान दोन वर्तमानपत्रांतले मृत्युलेख. हाच नियम दुसऱ्या कामालाही येतो. नामवंत कोणाला म्हणायचं, हा वाद त्यानेच मिटतो. ज्याच्यावर मृत्युलेख आला नाही तो यादीपुरता नामवंत नाही.

प्रत्येकी शंभर रुपये जमा केले तर चालेल का? (एक वाचक, वाळपई)

नाही. पैसे लावले की तो जुगार झाला. गोव्यात त्याला १९७६ चा सार्वजनिक जुगार कायदा आहे. मांडवीतले कॅसिनो त्याच कायद्यातल्या दुरुस्तीखाली परवाना घेऊन चालतात, तुमच्या गटाकडे तो नाही. फोनवरून पैसे गोळा केले तर २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदाही आडवा येईल. बक्षीस द्यायचंच असेल तर न खेळणाऱ्या कुणी स्वखुशीने द्यावं: एखादं पुस्तक, नाटकाची दोन तिकिटं.

मरणावर पैसे लावण्याचा इतिहास चांगला नाही. पोप किती काळ गादीवर राहतील यावर पैजा लागत. पोप ग्रेगरी चौदावे यांनी १५९१ मध्ये त्यावर बंदी घातली, मोडणाऱ्याला धर्मबहिष्कृत करण्याची शिक्षा ठेवून. इंग्लंडमध्ये लोक ज्यांच्याशी काही संबंध नाही अशांच्या आयुष्यावर विमे उतरवून पैजाच लावत होते. १७७४ च्या कायद्याने ते थांबवलं. ज्याच्या जगण्यात आपलं हित नाही त्याचा विमा उतरवता येत नाही, हे तत्त्व तिथून आलं.

आत्या म्हणते, ही मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाण्याची गत झाली. तिला काय सांगू? (एक वाचक, शिरोडा)

आत्यांचं म्हणणं उडवून लावू नका. कुणाच्या मरणावर टपून बसणं वाईटच. ते होऊ नये म्हणून खेळात दोन नियम घाला. नाव लागलं त्या दिवशी गटात गुणांचा शब्दही काढायचा नाही. आणि ज्याच्या यादीत ते नाव होतं त्याने त्या व्यक्तीच्या कामावर दहा ओळी लिहून टाकायच्या, तोवर त्याचे गुण धरायचे नाहीत. दहा ओळी लिहायला त्यांचं एखादं गाणं ऐकावं लागतं, सिनेमा पाहावा लागतो, भाषण वाचावं लागतं.

मृत्यूची आधी तयारी करणं म्हणजे मृत्यू चिंतणं नव्हे, हेही आत्यांना सांगा. मोठी वर्तमानपत्रं मृत्युलेख आधीच लिहून ठेवतात. एलिझाबेथ टेलर २०११ मध्ये गेल्या तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने छापलेला मृत्युलेख मेल गुसो यांचा होता, आणि ते स्वतः २००५ मध्येच वारले होते.

गोव्यातली नावं यादीत घ्यावीत का? (एक वाचक, पणजी)

हयात गोंयकारांची घेऊ नयेत. आपलं राज्य एवढंसं. ज्यांचं नाव तुम्ही लिहाल त्यांचा भाचा तुमच्या शेजारच्या टेबलावर चहा घेत असतो. मनोहर पर्रीकर आजारी होते तेव्हापासून १७ मार्च २०१९ ला ते जाईपर्यंत इथे किती अफवा फिरल्या आणि त्या ऐकताना लोकांना काय वाटत होतं, ते सगळ्यांना आठवतं. अल्पवयीन मुलं, फाशीची शिक्षा झालेले कैदी आणि जे केवळ आजारामुळे बातमीत आले ते, हेही वगळा.

गुण समान झाले तर? (एक वाचक, काणकोण)

जास्त नावं लागलेला पुढे. तेही समान असतील तर ज्याचं शेवटचं नाव वर्षात आधी लागलं तो पुढे.