एमएमएमध्ये पाठ टेकली तरी रेफरी लढत का थांबवत नाही?

प्रश्न: सोलापुरात तालमीत कुस्ती करतो, आता एमएमएत, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतीत, उतरायचंय. समोरच्याला चितपट केलं तरी लढत चालूच का राहते? आणि रेफरी मध्येच उभं का करतो?

उत्तर: आपल्या फडात दोन्ही खांदे मातीला लागले की कुस्ती निकाली. एमएमएत मात्र उताणा पडलेला गडी तिथूनच गळा आवळून किंवा कोपर पिरगाळून जिंकू शकतो. त्यामुळे रेफरी पाठीकडे बघत नाही. वरचा काहीतरी करतोय का आणि खालचा स्वतःला वाचवतोय का, एवढंच तो बघतो.

नुसतं दाबून धरणं याला रेफरी 'काहीतरी करणं' मानत नाही. ठोसे मारा, त्याचा पाय ओलांडून बाजूला या, सबमिशनला, म्हणजे हार मानायला लावणाऱ्या पकडीला, जा. काहीच झालं नाही तर रेफरी आधी बजावतो, मग दोघांना उभं करतो. त्याला ठरावीक सेकंद नाहीत.

खरा धोका पालथं पडण्याच्या सवयीत आहे. चितपट टाळायला मल्ल पोटावर जातो. इथे तसं गेलात की समोरचा पाठीवर चढतो, टाचा मांड्यांत अडकवतो आणि हात हनुवटीखाली सरकवतो. डोकं झाकून नुसता मार खाल्लात तर शुद्धीवर असूनही हरलात, रेफरी तांत्रिक नॉकआउट देतो. मनगट धरा, कंबर वळवा, गुडघा आत घ्या. बचाव रेफरीला दिसला पाहिजे.

खाली असलेल्याच्या डोक्याला लाथ, गुडघा किंवा पायाने तुडवणं बंद. छाती-पोटावर गुडघा चालतो. वरचा गुडघ्यांवर असेल तर खालच्यालाही त्याच्या तोंडावर लाथ मारता येत नाही, तो दोन्ही पायांवर उभा असेल तर येते. डोक्याची मागची बाजू आणि कणा कधीच नाही. 'खाली' कोण, हे 2024 मध्ये बदललं: हात आणि पाऊल सोडून शरीराचा कुठलाही भाग मॅटला लागला तर तो खाली. नुसता तळवा टेकवून आता 'खाली' ठरत नाही, म्हणजे डोक्यावरच्या लाथ-गुडघ्यातून सुटका नाही. पण सगळीकडे नवा नियम लागू नाही, म्हणून लढतीआधीच्या नियमांच्या बैठकीत हे विचाराच. हौशी स्पर्धांत कोपराने मारणं सहसा बंद असतं.

अजून एक: पकडीत असताना मॅटवर हात आपटू नका, वेदनेने ओरडूही नका. रेफरी दोन्ही टॅप (हार मानल्याची खूण) समजू शकतो आणि एकदा थांबवलेली लढत पुन्हा सुरू होत नाही.