भंगारात सापडलेलं सुतारी हत्यार: आधी पुसा, मग ओळखा

भाऊ, धुळ्याच्या भंगारातून आणलेली दांडी कसलं सुतारी हत्यार आहे असं विचारलंत; ती आधी घासू नका. पॉलिश पेपर मारलात तर तिची ओळखच पुसाल. सुती फडक्याला थोडं तेल लावून पुसा, तेवढं पुरे.

दांडीवर सरकणारा लाकडी ठोकळा असेल, तर दांडीच्या टोकाजवळ खिळ्याचं टोक चाचपून पाहा. एकच टोक असेल तर साधा मार्किंग गेज, म्हणजे रेघ आखायचं हत्यार: ठोकळा फळीच्या कडेला टेकवून ओढायचा, कडेशी समांतर रेघ पडते. दोन टोकं असतील तर तो खाचेचा गेज. दोन टोकांतलं अंतर पटाशीच्या (लाकूड कोरायच्या छिन्नीच्या) रुंदीइतकं लावतात, खाच आणि तिच्यात बसणारं कुसू दोन्ही एकाच मापाने आखले जातात. टोकाऐवजी चपटं पातं असेल तर ते आडव्या रेषांत लाकडाचे तंतू कापायला. आमच्याकडे सागाचं काम जास्त, तिथे खिळ्याने आडवी रेघ ओढली की रेषा फाटते.

ठोकळा नसून नुसत्या खुणा असतील तर पट्टीशी ताडून बघा. खूण इंचावर बसत नाही? मग मोजा. २४ भाग आणि लांबी सुमारे २७ इंच निघाली, तर तो जुना तसूचा गज, म्हणजे २४ तसूंची मोजपट्टी. तसू म्हणजे इंचाहून थोडा मोठा, सुमारे १⅛ इंच. नुसते इंच असले तरी वस्तू मेट्रिक (मीटर-सेंटीमीटर) मापं येण्यापूर्वीचीच असं धरू नका, ती आल्यावरही मिस्तरी इंचातच बोलतात.

फोटो टाका, टोकाचा जवळून.